खारें पाणी आणि तांब्याची तार



घरांतील दिवा अकस्मात् विझला, तर आपण मेणबत्ती लावतों आणि मिस्त्रीला निरोप पाठवितों. फार तर संध्याकाळचें वाचन बुडतें. किनाऱ्यापासून आठ-दहा मैलांवर असलेल्या एखाद्या पंचवीस फुटी शिडाच्या नौकेंत तोच दिवा विझला, तर समोरून येणाऱ्या आगबोटीस ती नौका दिसत नाहीं. तेथें मिस्त्री नाहीं, खांबावरून येणारी तार नाहीं, आणि पायाखालीं जमीनही नाहीं. जें आहे तें खारें पाणी. आणि विजेचें व खाऱ्या पाण्याचें सख्य फार जुनें असलें, तरी तें मनुष्याच्या हिताचें क्वचितच असतें.

हौसेनें लहान नौका बाळगणाऱ्यांसाठीं विजेच्या जोडणीविषयीं जीं पुस्तकें निघतात, त्यांत नियमांचीं पानेंच्या पानें असतात. बॅटरीच्या अगदीं जवळ फ्यूज बसवावा. प्रवाहास जाण्यास एक आणि येण्यास एक अशा दोन तारा ठेवाव्या, बोटीच्या धातूचा उपयोग परतीच्या वाटेसाठीं करूं नये. तांब्याची तार कल्हई केलेलीच घ्यावी. पाण्याखालीं जस्ताचा गट्टू लावावा. नवख्या वाचकाला हे नियम सोवळ्याओवळ्याच्या यादीसारखे वाटतात. परंतु यादी करणारे लोक सोवळे नव्हते. त्यांचीं बोटें भाजलेलीं होतीं. तीं कशीं भाजलीं, हें आज सांगावयाचें आहे.

ह्या कथेचा आरंभ मात्र विद्युद्घटाचा शोध लागण्यापूर्वींच होतो. १७६१ सालीं ब्रिटिश आरमारानें ‘अलार्म’ नांवाच्या बत्तीस तोफांच्या लढाऊ जहाजाच्या बुडाला तांब्याचे पत्रे मारले. उष्ण समुद्रांतला एक किडा लांकडाचें बूड पोखरून त्याची चाळण करी. शिवाय शेवाळ आणि शंखशिंपले चिकटून जहाजाची गति मंदावे. तांब्यानें ह्या दोन्ही पीडा दूर होतील अशी आशा होती, आणि ती पुष्कळ अंशीं खरीही ठरली. जहाज वेस्ट इंडीजच्या सफरीवर जाऊन आलें. १७६३ मध्यें गोदींत त्याची तपासणी झाली, तेव्हां पत्रे चांगले होते. पण ज्या लोखंडी खिळ्यांनीं ते ठोकले होते, त्यांतील पुष्कळ खिळे कुजून गेले होते. विशेष हें कीं, कांहीं खिळे मात्र जसेच्या तसे होते. पत्रे कारखान्यांतून ज्या तपकिरी कागदांत गुंडाळून आले होते, तो कागद कामगारांनीं आळसानें म्हणा वा घाईनें म्हणा कांहीं ठिकाणीं काढलाच नव्हता. जेथें तांबें आणि लोखंड ह्यांच्यामध्यें तो कागद राहिला होता, तेथें लोखंड वांचलें होतें.

दोन निराळ्या धातू खाऱ्या पाण्यांत एकमेकांस टेकल्या कीं त्यांचा विद्युद्घट तयार होतो आणि त्यांतील एक धातु झिजते, हें शास्त्र सांगणारा व्होल्टा अजून विशीच्या आंतच होता. तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्यांना कारण कळलें नाहीं, पण उपाय कळला: ह्या दोन धातू एकमेकांस लागूं द्यावयाच्या नाहींत. नौकाशास्त्रांतील विजेसंबंधींचा हा पहिला नियम. तो एका रद्दी कागदानें शिकविला, ह्याची मला नेहमीं गंमत वाटते.

साठ वर्षांनीं तोच प्रश्न उलट्या बाजूनें उभा राहिला. आतां खिळेही तांब्याच्या मिश्रधातूचे झाले होते, पण खुद्द तांब्याचे पत्रे समुद्रांत झिजत आणि त्यांच्या बदलीचा खर्च आरमाराला जड जाई. हा प्रश्न सर हंफ्री डेव्ही ह्याजकडे आला. १८२४ च्या जानेवारींत त्यानें रॉयल सोसायटीपुढें उत्तर मांडलें. एक धातु दुसरीस खाते, हा जर शाप असेल, तर त्याचा वर करून घेऊं. तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा लहानसा तुकडा जोडावा, म्हणजे समुद्र तो तुकडा खाईल आणि तांबें शाबूत राहील. ज्या जहाजांवर हा प्रयोग झाला, त्यांपैकीं ‘समारंग’ हें आपल्याकडील कोचीनच्या गोदींत बांधलेलें होतें. प्रयोग अक्षरशः यशस्वी झाला. तांबें झिजेनासें झालें.

आणि येथेंच घात झाला. तांब्याच्या बुडाला शंखशिंपले चिकटत नसत, ह्याचें कारण तांबें थोडथोडें विरघळून पाण्यांत विष सोडीत असे. डेव्हीनें तें विरघळणें थांबविलें, तेव्हां विषही थांबलें. जहाजें रानासारखें शेवाळ आणि शिंपले घेऊन परत येऊं लागलीं, आणि १८२५ मध्यें समुद्रावर फिरणाऱ्या जहाजांवरून हे रक्षक तुकडे काढून टाकण्याची आज्ञा सुटली. डेव्हीचा उपहास झाला. मला तो अन्यायाचा वाटतो. त्याचें गणित चुकलें नव्हतें. त्याला प्रश्नच अर्धा सांगण्यांत आला होता. आज जगांतील बहुतेक नौकांच्या पाण्याखालच्या भागास जो जस्ताचा अथवा ॲल्युमिनियमचा गट्टू बसविलेला असतो, तो डेव्हीचाच. दरसाल तो तपासावयाचा आणि अर्धा झिजला कीं बदलावयाचा. कांहीं हौशी मालक गट्टू सुंदर दिसावा म्हणून त्यालाही रंग देतात; म्हणजे राखणदाराला खोलींत कोंडून दार बाहेरून लावण्यासारखेंच तें झालें.

डेव्हीच्या हाताखालीं काम शिकलेला फॅरडे ह्यानें १८३३-३४ च्या सुमारास ह्या झिजेचें माप सांगितलें. जितकी वीज वाहील तितक्याच प्रमाणांत धातु विरघळेल, असा त्याचा नियम. हिशेब करून पाहिला तर तो अंगावर कांटा आणणारा आहे. एक अँपिअरचा प्रवाह तांब्यांतून समुद्रांत वर्षभर अखंड गळत राहिला, तर सुमारें दहा किलोग्रॅम तांबें नाहींसें होतें. दशांश अँपिअर, म्हणजे बारा व्होल्टच्या बोटींतील एखाद्या मिणमिणत्या दिव्याइतका प्रवाह, तोही वर्षाला एक किलोग्रॅम तांबें खातो. लहान नौकेचा पितळी पंखा आणि पाण्याच्या नळाचीं तोंडें मिळून किती किलोग्रॅम भरणार? तळांत साचलेल्या पाण्यांत बुडालेला तारेचा एकच उघडा सांधा एवढें काम निमूटपणें करूं शकतो. दोन धातूंच्या नैसर्गिक झिजेला महिने आणि वर्षें लागतात. बॅटरीच्या चोरट्या प्रवाहाला कांहीं वेळां आठवडेही पुरतात. मोटारगाडींत प्रवाह गाडीच्या लोखंडी सांगाड्यांतून परत आणतात आणि निम्मी तार वांचवितात. नौकेंत ही काटकसर वर्ज्य कां, तें ह्यावरून ध्यानांत यावें.

हौशी नौकांच्या इतिहासांत ह्या अज्ञानाचा सर्वांत महागडा बळी म्हणजे १९१५ सालीं अमेरिकेंत बांधलेली ‘सी कॉल’ ही शिडाची नौका. तिचें अंग मोनेल नांवाच्या निकल व तांबें ह्यांच्या मिश्रधातूचें केलें होतें. गंज म्हणून चढावयाचा नाहीं, अशी त्या धातूची ख्याति. परंतु मोनेलला आधार देणारे भाग पोलादाचे होते. समुद्रांत उतरतांच मोनेलनें पोलादास खाण्यास आरंभ केला, आणि एका श्रीमंताची ती नवी कोरी नौका थोड्याच काळांत मोडींत काढावी लागली. ‘अलार्म’वरील तपकिरी कागदाची गोष्ट तेव्हां दीडशें वर्षांची झाली होती.

आतां झिजेची कथा सोडून चालनाकडे वळूं. विजेनें नौका चालविण्याचा पहिला मोठा प्रयोग रशियाच्या राजधानींत झाला. मोरिट्झ जेकोबी ह्यानें १८३८ मध्यें नेवा नदींत बारा-चौदा माणसें बसतील अशी चाकांची होडी विद्युन्मोटारीवर चालविली. तिच्यांत जस्त आणि तांबें ह्यांचे ३२० विद्युद्घट होते, आणि वेग मनुष्याच्या रमतगमत चालण्याहूनही कमी होता. पुढच्या वर्षीं त्यानें ग्रोव्हच्या पद्धतीचे ६४ घट वापरले. वेग वाढला, पण ह्या घटांत नत्राम्ल असतें आणि चालू असतांना त्यांतून तपकिरी, गुदमरविणारा धूर निघतो. नदीवर हवा खाण्यास जाणाऱ्याला ही सोय परवडणारी नव्हती. जळणाऱ्या कोळशाच्या मानानें झिजणारें जस्त फार महाग पडे, हेंही खरेंच.

गुस्ताव त्रुव्हे हा पॅरिसचा कारागीर अधिक चतुर निघाला. १८८१ सालीं त्यानें सीन नदीवर साडेपांच मीटर लांबीच्या साध्या होडीच्या सुकाणूवरच आपली हलकी मोटार बसविली आणि पंखाही सुकाणूंतच घातला. सुकाणू उचललें कीं सारें यंत्र हातांत. तीन माणसें बसवून ही होडी प्रवाहाबरोबर सेकंदास अडीच मीटर आणि प्रवाहाविरुद्ध दीड मीटर जाई. होडीच्या मागें लटकविण्याचीं जीं यंत्रें पुढें जगभर झालीं, त्यांचा हा आद्य पुरुष. पण त्रुव्हेचे घटही रसायन संपलें कीं रिकामे करून पुन्हां भरावे लागत.

ही अडचण शिशाच्या संचायक घटानें दूर केली. प्लांतेनें तो १८५९ त शोधला होता आणि फोरनें १८८१ त त्याच्या पट्ट्यांवर शिशाच्या संयुगांचा लेप देऊन तो उपयोगी केला. पुढच्याच वर्षीं, १८८२ च्या सप्टेंबरांत, ‘इलेक्ट्रिसिटी’ नांवाची सुमारें पंचवीस फुटांची होडी मिलवॉलहून निघून टेम्स नदींतून लंडन ब्रिजपर्यंत जाऊन आली. तिच्यांत असे ४५ घट होते आणि चार मंडळींत प्राध्यापक सिल्व्हॅनस थॉम्प्सन हे विद्युच्छास्त्रज्ञ होते. धूर नाहीं, शीळ नाहीं, खडखडाट नाहीं. काठावरच्या लोकांना ही होडी कशानें चालते तें उमगेना.

त्यानंतरचीं पंचवीस-तीस वर्षें विजेच्या होडीचें सुखाचें दिवस होते. मोरिट्झ इमिश हा मूळचा जर्मन घड्याळजी. त्यानें १८८८-८९ च्या सुमारास टेम्सवर भाड्यानें देण्यासाठीं विजेच्या होड्यांचा ताफाच उभा केला आणि घट भरण्यासाठीं नदींत ठिकठिकाणीं डायनॅमो बसविलेले तरंगते पडाव नांगरले. त्याची ‘व्हायकाउंटेस बरी’ ही होडी ऐंशीपर्यंत माणसें नेई. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनांत तळ्यांवरून पन्नासांहून अधिक विद्युन्नौका फिरत होत्या आणि त्यांनीं दहा लाखांवर उतारू वाहिले. त्या बांधणाऱ्या ‘इलेक्ट्रिक लाँच कंपनी’चें ‘एल्को’ हें नांव पुढें युद्धनौकांसाठींही प्रसिद्ध झालें. घड्याळजीनें नौकांत लक्ष घालावें हें वरकरणीं चमत्कारिक दिसतें. पण बारीक सांधा, स्वच्छ स्पर्श आणि ओल न लागूं देणें, हें त्याचें सारें कसब होडीच्या विजेलाही लागतेंच.

हें सुख पेट्रोलनें संपविलें. एक किलोग्रॅम शिशाच्या बॅटरींत फार तर तीस-चाळीस वॅट-तास शक्ति मावते, एक किलोग्रॅम पेट्रोलमध्यें सुमारें बारा हजार. इंजिन त्यांतील तीन-चतुर्थांश वाया घालवीत असलें तरी सामना विषमच. १९०९ च्या सुमारास ओले एव्हिन्रूड ह्याचें मागें लटकविण्याचें यंत्र बाजारांत आलें, आणि पुढें मॅग्नेटो स्वतःच ठिणगी उत्पन्न करूं लागल्यामुळें होडींत बॅटरी ठेवण्याचेंही कारण उरलें नाहीं.

परंतु मोठ्या होड्यांत इंजिन आंत बसलें, आणि त्याच्याबरोबर बॅटरी, चालू करण्याची मोटार व दिवे हींही आलीं. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. घरांतील स्वयंपाकाच्या वायूप्रमाणें तीही खालीं उतरते, आणि होडीच्या तळाला तर दारच नसतें. हवेंत तिचें प्रमाण दीड टक्क्यापासून साडेसात टक्क्यांपर्यंत झालें कीं तिला एक ठिणगी पुरते. आणि विजेच्या प्रत्येक बटणांत, प्रत्येक मोटारीच्या ब्रशांत ठिणगी असतेच. अमेरिकेच्या १९४० च्या मोटारनौका कायद्यानें पेट्रोलच्या इंजिनावर ज्वाला अडविणारी जाळी आणि तळास हवा खेळविण्याची सोय सक्तीची केली. इंजिन सुरू करण्यापूर्वीं चार मिनिटें पंखा चालवून तळांतील हवा काढावी, हा नियम त्याच कुळांतला. चार मिनिटें ही मोठी लांब वेळ असते, विशेषतः मुलें ‘चला, चला’ म्हणून ओरडत असतांना. पण घाईपायीं बोट धक्क्यावरच उडाल्याचीं उदाहरणें आहेत.

आतां फ्यूजचा नियम. घरीं आपण २३० व्होल्टला भितों आणि बारा व्होल्टला खेळणें समजतों. बारा व्होल्टचा झटका कोरड्या हाताला जाणवत नाहीं, हें खरें. पण साठ वॅटच्या दिव्याला घरीं पाव अँपिअर पुरतो, तर बोटींत पांच अँपिअर लागतात. जवळजवळ एकोणीस पट. तारेंत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणें वाढते, म्हणून त्याच तारेंत ती सुमारें ३६७ पट होते. घरच्या मिस्त्रीच्या डोळ्यांना जी तार भरपूर जाड दिसते, ती बोटींत केंसासारखी ठरते. म्हणूनच नौकेच्या तारेची जाडी ठरवितांना ती तापेल कीं नाहीं एवढेंच पाहून भागत नाहीं. दिव्यापर्यंत पोंचेतों व्होल्ट किती गळतील तेंही मोजतात. मार्गदर्शक दिव्यांना शेंकडा तीन, म्हणजे बारा व्होल्टांत अवघे ०.३६ व्होल्ट, एवढीच गळती चालते.

आणि दुसरें असें कीं, साधी बॅटरीसुद्धां तोंडाशीं तोंड लागलें तर शेंकडों अँपिअर ओकूं शकते. लाटेच्या हेलकाव्यानें तार कांठावर घासून उघडी पडली, कीं ती लाल होते, वरचें वेष्टन पेटतें आणि त्याबरोबर नौकाही. समुद्रांत चारी बाजूंना पाणी असून नौका जळून जाते, ह्यासारखी विटंबना नाहीं. अमेरिकेंत १९५४ सालीं स्थापन झालेल्या नौकाविषयक मंडळानें जीं मानकें घालून दिलीं, त्यांत फ्यूज बॅटरीपासून सात इंचांच्या आंत असावा असें आहे. तारेला जादा संरक्षक नळी असेल तर थोडी अधिक सूट मिळते. बॅटरी आणि फ्यूज ह्यांमधील तारेला राखणदार कोणीच नसतो; म्हणून ती तार शक्य तितकी आंखूड ठेवावयाची, एवढाच त्या सात इंचांचा अर्थ. त्याच मानकांत ऋण तारेसाठीं काळ्याऐवजीं पिवळा रंगही मान्य आहे. अमेरिकेंतील घरांत काळी तार म्हणजे जिवंत तार. बोटींत एका काळ्या तारेस ‘ही तर निरुपद्रवी’ म्हणून हात लावावा आणि ती धक्क्यावरून आलेली घरगुती वीज निघावी, असा घोटाळा होऊं नये म्हणून हा पिवळा रंग.

धक्क्यावरच्या विजेचें नांव निघालें म्हणून एक गोष्ट सांगून टाकतों, कारण ती पुष्कळांना ठाऊक नसते. बोट धक्क्यास बांधून किनाऱ्यावरची वीज आंत घेतली आणि तिच्यांत कोठें गळती असली, तर भोंवतालच्या पाण्यांत प्रवाह पसरतो. आपल्याला वाटतें, समुद्रांत धोका अधिक. वस्तुतः गोड्या पाण्यांत तो अधिक असतो. समुद्राचें पाणी मनुष्याच्या देहापेक्षां चांगलें वाहक असल्यानें प्रवाह देहाला वळसा घालून जातो. तळ्याचें गोडें पाणी देहापेक्षां वाईट वाहक, म्हणून प्रवाह पोहणाऱ्याच्या देहाचीच वाट धरतो. स्नायू आंखडतात, हात हलत नाहीं, आणि पट्टीचा पोहणारा आवाज न करतां बुडतो. धक्क्याला बांधलेल्या बोटींच्या आसपास पोहूं नये, हा नियम तळ्यांच्या बंदरांत कडकपणें पाळला पाहिजे.

दिव्यांचें गणितही कांहीं कमी मनोरंजक नाहीं. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें बारा मीटरांहून लहान नौकेचे लाल व हिरवे बाजूचे दिवे एक मैलावरून, आणि पाठीमागचा पांढरा दिवा दोन मैलांवरून दिसले पाहिजेत. वीस मीटरांहून लहान नौका शिडावर चालली असेल, तर हे तीनही रंग डोलकाठीच्या शेंड्यावर एकाच कंदिलांत दाखविण्याची मुभा आहे. ही मुभा बॅटरीवरील दयेनेंच दिली असावी असें वाटतें. पंचवीस वॅटचा एक दिवा दहा तासांच्या रात्रींत एकवीस अँपिअर-तास खातो. शंभर अँपिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरींतून निम्म्याहून अधिक काढूं नये असा संकेत आहे, म्हणजे दोन रात्री आणि थोडें अधिक. तीन निराळे दिवे लावले तर पहिली रात्रही सरत नाहीं. अलीकडच्या एल. ई. डी. दिव्यांनीं हा खर्च दहाव्या हिश्शावर आणला आहे. सात मीटरांहून लहान शिडाच्या नौकेला हेंही जमत नसेल, तर तिनें एक हातदिवा तयार ठेवावा आणि धडक टाळण्याइतक्या आधीं तो दाखवावा, एवढ्यावर नियम समाधान मानतो.

दिव्यांनंतर नौकेंत आला तो आवाज. नभोवाणीच्या व्यासपीठावरून बोलतांना हें सांगण्यास मला विशेष आनंद होतो कीं, बिनतारी संदेशाची पहिली लोकप्रिय कामगिरी नौकांच्या शर्यतीवरच झाली. १८९८ च्या जुलैंत डब्लिनजवळ किंग्जटाऊन येथें शिडाच्या नौकांच्या शर्यती झाल्या, तेव्हां मार्कोनीनें ‘फ्लाइंग हंट्रेस’ नांवाच्या आगबोटींतून त्यांचा वृत्तान्त एका वर्तमानपत्रासाठीं किनाऱ्यावर धाडला. पुढच्याच महिन्यांत वेल्सचे राजपुत्र गुडघा दुखावून ‘ऑस्बोर्न’ ह्या क्रीडानौकेवर पडून होते. त्यांची प्रकृति कशी आहे तें मार्कोनीच्या यंत्राच्या द्वारें व्हिक्टोरिया राणीला किनाऱ्यावर कळत असे.

ह्यानंतर सत्तर वर्षांनीं जी नौका निघाली, तिचा आपल्याशीं निकटचा संबंध आहे. ‘सुहेली’ ही बत्तीस फुटांची दोन डोलकाठ्यांची नौका मुंबईंत, सागवानी लांकडांत, येथल्या सुतारांच्या हातांनीं तयार झाली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे तरुण इंग्रज दर्यावर्दी १९६५ च्या अखेरीस तींत बसून मायदेशाकडे निघाले. तीच नौका घेऊन १४ जून १९६८ रोजीं ते फाल्मथहून एकटेच निघाले आणि कोठेंही न थांबतां पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजीं तेथेंच परतले. असें करणारे ते जगांतील पहिले. ३१२ दिवस.

ह्या प्रवासांतील वादळांचीं वर्णनें पुष्कळांनीं वाचलीं असतील. मला त्यांतील विजेचा संसार पाहावासा वाटतो. बॅटरी भरण्यासाठीं सुहेलीवर एक लहान पेट्रोलचें यंत्र होतें. त्याच्या ठिणगीच्या स्पर्शबिंदूंमधील अंतर एका इंचाचे बारा ते पंधरा सहस्रांश असावें लागतें, आणि तें मोजण्याची पट्टीच बरोबर घ्यावयाची राहिली होती. नॉक्स-जॉन्स्टन ह्यांनीं वहीचीं पानें मोजलीं. एका इंचांत दोनशें पानें भरत होतीं; म्हणजे एक पान पांच सहस्रांश. तीन पानें एकत्र धरून त्यांनीं तें अंतर बसविलें आणि यंत्र चालू झालें. ‘अलार्म’वरील कागदाप्रमाणें येथेंही कागदच कामास आला!

प्रत्येक वेळीं मात्र असें सुखासुखीं निभावलें नाहीं. दक्षिण महासागरांत घटांतील आम्लाची घनता तपासतांना नौकेनें हिसका दिला आणि आम्ल त्यांच्या डोळ्यांत उडालें. परत फिरावें कीं काय, असा विचार त्यांच्या मनांत येऊन गेला. डोळा धुऊन, औषध घालून ते पुढेंच गेले. आपण घरीं इन्व्हर्टरच्या बॅटरींत पाणी घालतांना डोळ्यांना चष्मा लावीत नाहीं, ही गोष्ट मला त्या प्रसंगावरून आठवते. घराला हिसका बसत नाहीं, एवढाच काय तो फरक. शिशाच्या बॅटरींत समुद्राचें पाणी शिरलें तर क्लोरिन हा विषारी वायु निघतो, म्हणून नौकेंत ती झाकलेल्या, घट्ट बांधलेल्या आणि तरीही हवा खेळत्या पेटींत ठेवावयाची असते.

पुढें संदेश पाठविण्याचें यंत्र बिघडलें. १९६८ च्या नोव्हेंबरांत न्यूझीलंडच्या किनाऱ्याजवळ त्यांची माणसांशीं गांठ पडली, आणि त्यानंतर साडेचार महिने सुहेली आहे कीं बुडाली, हें कोणासही ठाऊक नव्हतें. आई-वडिलांनीं ते महिने कसे काढले असतील! एप्रिलच्या पहिल्या आठवड्यांत अझोर्स बेटांच्या जवळ ‘मोबिल ॲक्मे’ ह्या तेलवाहू जहाजाला त्यांनीं हातदिव्याची उघडझाप करून मोर्सच्या लिपींत आपलें नांव कळविलें, आणि बातमी घरीं पोंचली. सारीं मोठीं यंत्रें थकल्यावर शेवटीं उपयोगी पडला तो एक दिवा.

सुहेलीच्या प्रदक्षिणेला पन्नास वर्षें झालीं, त्या निमित्तानें २०१८ सालीं जुन्याच पद्धतीच्या साधनांनीं तशीच एकट्यानें करावयाची शर्यत भरली. भारतीय आरमाराचे अधिकारी अभिलाष टॉमी तींत उतरले. त्यांची ‘तुरीया’ ही नौका सुहेलीचीच प्रतिकृति होती आणि ती गोव्यांत बांधली गेली. त्याच कारखान्यांत, ज्यांत बांधलेल्या ‘म्हादेई’मधून आरमाराचे दिलीप दोंदे ह्यांनीं २००९-१० मध्यें एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. असें करणारे ते पहिले भारतीय. आणि २०१२-१३ मध्यें टॉमी ह्यांनीं त्याच ‘म्हादेई’तून ती कोठेंही न थांबतां पुरी केली होती.

२१ सप्टेंबर २०१८ रोजीं हिंदी महासागराच्या दक्षिण भागांत, ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यापासून तीन हजारांहून अधिक किलोमीटरांवर, वादळानें तुरीया उलथली. डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमी ह्यांच्या पाठीच्या कण्याला अशी इजा झाली कीं त्यांना उठून बसतां येईना. डोलकाठी गेली म्हणजे शेंड्यावरचा दिवाही गेला आणि तिला बांधलेली आकाशतारही गेली. जादा ठेवलेला उपग्रह-दूरध्वनि संकटकाळच्या पिशवींत होता, आणि पिशवी हाताच्या टप्प्यांत नव्हती. परंतु नौकेच्या कोणत्याही तारेस न जोडलेलीं, स्वतःची बॅटरी पोटांत बाळगणारीं दोन लहान साधनें त्यांच्याजवळ शाबूत होतीं: एक संकटसूचक बावटा-यंत्र, जें ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला आपली हांक व ठिकाण कळवितें, आणि दुसरें चार शब्द टंकून पाठवितां येतील असें हातांत मावणारें यंत्र. नौका उलथली, डोलकाठी मोडली, पाठीला जबर इजा झाली आहे, उठवत नाहीं, एवढेंच त्यांनीं कळविलें. मॉरिशसहून उडालेल्या भारतीय आरमाराच्या विमानानें काठ्या मोडून पडलेली तुरीया लाटांवर हेलकावतांना पाहिली, आणि २४ सप्टेंबर रोजीं ‘ओसिरिस’ ह्या फ्रेंच जहाजाच्या लोकांनीं छोट्या होड्यांतून तिच्याजवळ जाऊन टॉमी ह्यांस उचलून घेतलें.